दोन डगरींवर हात
'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा संगणकावरील सामूहिक खेळ २००४ साली निघाला. त्यातील ड्रुइड अस्वल होऊन सोबत्यांचे रक्षण करी, मार्जाररूपाने शत्रूवर झडप घाली आणि जखमींवर उपचारही करी. अष्टपैलूने प्रत्येक कामात तज्ज्ञाहून किंचित उणे असावे, हा त्या काळचा न्याय. शिवाय प्रत्येक भूमिकेस निराळी साधने लागत. म्हणून मोठ्या मोहिमांत त्याच्या वाट्यास बहुधा उपचारच येत. २००९ मध्ये दोन कौशल्यसंच बाळगण्याची मुभा मिळाली. २०१४ पासून बहुतेक चिलखतांचा मुख्य गुण भूमिकेबरोबर पालटू लागला. समतोल साधताना बळ घटविण्याआधी ओझे मोजावे, हाच या दशकाचा बोध. दोन टेबले सांभाळणाऱ्या कारकुनास तो निराळा सांगावयास नको.