अंड्यावरचं पाऊल

उत्तर युगांडातल्या अचोली लोकांत फार दिवस घराबाहेर राहिलेला माणूस परतला, की तो थेट अंगणात शिरत नाही. वाटेत त्याच्यासाठी कोंबडीचं कच्चं अंडं मांडलेलं असतं. सोबत ओपोबो नावाच्या झुडपाची बुळबुळीत डहाळी आणि लायिबी, म्हणजे कणगीचं झाकण उचलून धरायची काठी. अंडं पायाखाली फोडून मगच तो आत येतो. ‘न्योनो तोंग ग्वेनो’ हे या विधीचं नाव. वडीलधारे सांगतात, अंड्याला तोंड नसतं, ते कुणाचं वाईट बोलत नाही. ओपोबो साबणासारखी मळ काढते. आणि काठी कशाला? ज्या कणगीतलं खाऊन तू वाढलास ती तुझ्यासाठी अजून उघडते, हे सांगायला.

मुळात हा विधी घरगुती कारणांचा. कुणी भांडून निघून गेलेला, कुणी वर्षानुवर्षं परमुलखात राहिलेला. बाहेर त्याच्यामागे काही लागलं असेल, तर ते उंबऱ्याबाहेरच राहावं. अपमृत्यू आलेल्यांचे सूड घेणारे आत्मे, अचोली ज्यांना ‘चेन’ म्हणतात, त्यांची ही धास्ती. दोन कुळांमध्ये खून पडला तर त्यासाठी वेगळा विधी होता, कडू मुळीचा रस दोन्हीकडच्यांनी मिळून प्यायचा, ‘मातो ओपुत’. अंडं होतं ते परतणाऱ्यासाठी.

जानेवारी १९८६मध्ये बंडखोर नेते मुसेवेनी यांच्या फौजेनं राजधानी कंपाला घेतलं. त्या जिंकलेल्या फौजेतही बंदुका घेतलेली लहान मुलं होती, हे विसरता येत नाही. हरलेल्या सरकारी फौजेतले अचोली सैनिक उत्तरेकडे पळाले, तिथं उठाव झाले आणि १९८७च्या सुमारास त्यांतूनच जोसेफ कोनीची टोळी उभी राहिली. हीच पुढची ‘लॉर्ड्‌स रेझिस्टन्स आर्मी’. गावांनी पाठ फिरवली तशी कोनीनं माणसं पळवून आणायला सुरुवात केली. शाळेच्या वाटेवरून, शेतातून, झोपडीतून. पळवलेल्या मुलांचा युनिसेफचा अंदाज सुमारे २५,००० आहे. १० ऑक्टोबर १९९६च्या रात्री शेजारच्या लांगो भागातल्या आबोके इथल्या मुलींच्या शाळेतून १३९ जणी नेल्या. सिस्टर राकेले फासेरा एका शिक्षकाला घेऊन जंगलात त्यांच्या मागावर गेल्या आणि १०९ मुली परत घेऊन आल्या. तीस जणींना टोळीनं ठेवून घेतलं.

पळवून आणलेलं मूल पहिल्या संधीला पळणार, हे कोनीच्या माणसांना ठाऊक होतं. त्यावरचा त्यांचा इलाज आजही वाचवत नाही. आधी अंगावर शिया तेलानं क्रूस काढून मुलाला ‘आपल्यातलं’ करायचं. पळताना सापडलेल्या मुलाला इतर मुलांच्या हातून मारायचं. काहींना स्वतःच्या गावातल्या, नात्यातल्या माणसांवरच हात उचलायला लावायचं. मोझांबिकमध्ये रेनामोच्या बंडखोरांनी याआधी हेच केलं होतं. अशा मुलावर मग रात्रंदिवस पहारा लागत नाही. घरी आपल्याला आता कुणी घेणार नाही, याची त्यालाच खात्री पटलेली असते.

युगांडानं २००० साली बंडखोरांसाठी माफीचा कायदा केला. २००२मध्ये सैन्यानं सुदानमधल्या कोनीच्या तळांवर चढाई केली, तेव्हा त्या धुमश्चक्रीत हजारो मुलं निसटली. गुलू शहरातल्या स्वागत केंद्रांमध्ये काही आठवडे काढून ती घरच्या वाटेला लागली, आणि घरच्यांनी वाटेत अंडं मांडलं. भांडून गेलेल्यासाठी असलेला विधी पळवून नेलेल्या मुलापर्यंत येऊन पोचला तो असा. मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती एक गोष्ट: अंडं काही विचारत नाही. किती मारले, कुणाला मारलं, कुणाच्या हुकमानं, यांतलं काहीही. बारा वर्षांच्या पोराला आधी निर्दोषपणा सिद्ध करून मग घरात यावं लागत नाही. कोनीनं नेमकी जी वाट तोडली होती, तिथंच हे अंडं ठेवलेलं असतं.

पुढे अचोली प्रमुखांच्या ‘केर क्वारो अचोली’ या संस्थेनं हा विधी सामुदायिक केला. पारंपरिक प्रमुखांच्या या कामासाठी बेल्जियमसारख्या देशांचा पैसा आला. टिम अ‍ॅलन या मानववंशशास्त्रज्ञानं त्यावर कडाडून टीका केली, की परक्यांच्या मदतीनं इथं परंपरा घडवली जातेय. टीकेतलं एवढं खरं, की शहरातल्या मैदानात ज्या दारात परतायचं ते दार नसतं, आणि ती कणगीही नसते. पण गरज पडली म्हणून लोकांनी जुना विधी ताणला, यात मला खोटेपणा दिसत नाही. पेंटेकोस्टल पंथातले अचोली मात्र या विधीला सैतानी मानून तो नाकारतात.

पण अंडं सगळ्यालाच पुरतं असं नाही. डोमिनिक ओंग्वेन हा तर स्वतःच शाळेच्या वाटेवरून पळवला गेलेला, वय साधारण नऊ. कोनीच्याच फौजेत तो ब्रिगेड कमांडर झाला आणि त्यानं दुसऱ्यांची मुलं पळवली. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं फेब्रुवारी २०२१मध्ये त्याला ६१ आरोपांवर दोषी ठरवलं. पंधरा वर्षांखालच्या मुलांची भरती हा त्यांतला एक. पळवला गेला होता म्हणून शिक्षा कमी धरली, तरी ती २५ वर्षांची झाली. शिक्षेत अचोली रिवाजाला जागा द्यावी, ही बचाव पक्षाची मागणी न्यायाधीशांनी फेटाळली. ती फेटाळणं योग्यच होतं. ज्या बायकांना त्यानं बळजबरीनं बायको म्हणून ठेवलं, त्यांची दाद अंड्यावर पाय ठेवून लागत नाही.

या अशा बायका मुलं कडेवर घेऊन परतल्या. त्यांच्यासाठी अंडं फुटलं, तरी शेजाऱ्यांचे टोमणे थांबले नाहीत. अचोलींमध्ये कूळ बापाकडून येतं आणि जमीनही. जंगलात जन्मलेल्या या मुलांना आजोळी जागा मिळाली तरी शेताचा वाटा मिळतोच असं नाही. म्हणून काही आया गावातल्या जाणत्यांना बरोबर घेऊन मुलाच्या बापाचं गाव शोधत जातात. त्या घरांनी मुलाला आपलं म्हटलं, तर त्याला कूळ मिळतं आणि जमिनीवर हक्क सांगता येतो.