चांदीची काठी आणि तेरा कलमे

7 मार्च 1744 रोजी एडिंबराच्या नगरसभेने एक ठराव केला. गावातली काही प्रतिष्ठित आणि गोल्फमध्ये मुरलेली मंडळी नगरसभेच्या सभासदांच्या मागे बरेच दिवस लागली होती. शहराजवळच्या लीथच्या मैदानावर दरवर्षी गोल्फचा सामना व्हावा आणि त्यासाठी शहराने चांदीची एक काठी बक्षीस ठेवावी, एवढीच त्यांची मागणी. नगरसभेने ती मान्य केली. ठरावाला जोडलेल्या अटी सामना चाहणाऱ्यांनीच लिहून दिल्या होत्या आणि सुदैवाने त्या शब्दन् शब्द टिकल्या आहेत. त्या वर्षीच्या सामन्याचे वर्णन कुणी प्रत्यक्षदर्शीने लिहून ठेवलेले नाही. ते चित्र उभे करायचे तर ठरावाच्या अटी, मंडळींची वही आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांतले तुरळक उल्लेख यांवरच भिस्त ठेवावी लागते.

ही मंडळी ठरावामुळे एकत्र आली नव्हती. आदल्याच वर्षी, 1743 मध्ये, टॉमस मॅथिसन नावाच्या कवीने गोल्फवर एक विनोदी दीर्घकाव्य छापले होते. लीथच्या वाळूत खेळणाऱ्यांची नावे त्यात येतात आणि त्यांत शल्यवैद्य जॉन रॅट्रे आहे, स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाचा प्रमुख डंकन फोर्ब्सही आहे. नुसत्या नावांवरून वाचकाला माणूस कळेल, असे कवीने गृहीत धरले. त्या अर्थी हा कंपू गावाच्या चांगल्या परिचयाचा असला पाहिजे.

ठरावाच्या अटी बारकाईने वाचण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती नगरसभेची काटकसर. काठी एकदा दिली, यापुढे दरवर्षीच्या सामन्यापायी शहराला एक पैही खर्च पडता कामा नये. अपवाद दोनच: सामन्याचा दिवस शहरभर नगारा वाजवून जाहीर करायचा आणि त्या दिवशी सकाळी काठी लीथला पोचती करायची. खेळणाऱ्याने आधीच्या आठ दिवसांत कधीही मिसेस क्लेफन यांच्या लीथमधल्या घरी जायचे, तिथे ठेवलेल्या वहीत नाव लिहायचे आणि पाच शिलिंग भरायचे. ही सगळी रक्कम जिंकणाऱ्याच्या हवाली. मात्र काठी ताब्यात घेताना त्याने पन्नास पौंडांचा जामीन द्यायचा आणि पुढच्या सामन्याच्या महिनाभर आधी ती परत करायची. शिवाय आपल्या विजयाची खूण म्हणून सोन्याचा किंवा चांदीचा एक तुकडा स्वखर्चाने काठीला अडकवायचा. हिशेब केला तर बक्षीस नगरसभेचे, पण त्याची किंमत दरवर्षी वाढवत न्यायची विजेत्याने.

प्रत्यक्ष खेळाची रीतही अटींतच आहे. चिठ्ठ्या टाकून दोघादोघांच्या जोड्या पाडायच्या; माणसे फार झाली तर तिघातिघांचे गट. पहिल्या गटाबरोबर एक कारकून निघणार आणि प्रत्येकाने प्रत्येक होलला किती फटके घेतले ते टिपत जाणार. पहिला गट लाकूडगिरणीजवळच्या होलला पोचला की दुसऱ्याने निघायचे, आपला कारकून घेऊन. खेळ संपल्यावर सगळ्या कारकुनांची टिपणे शेजारी ठेवून तपासायची आणि ज्याने सर्वाधिक होल जिंकले तो विजयी. बरोबरी झाली तर त्या दोघातिघांनी मैदान सोडण्यापूर्वी आणखी एक फेरी खेळून निकाल लावायचा. फटके मोजायला खेळाडूंपैकी कुणाला न नेमता बाहेरचा माणूस नेमला, यातच बरेच काही आले. रोजच्या खेळात मित्राच्या शब्दावर भागत होते. पाच-पाच शिलिंग आणि चांदीची काठी पणाला लागल्यावर ते भागणार नव्हते.

तशी काळजी घेण्याचे कारण ठरावातच सापडते. सामना केवळ या मंडळींपुरता ठेवलेला नव्हता. ग्रेट ब्रिटन किंवा आयर्लंडच्या कोणत्याही भागातून आलेल्या उमराव, सभ्य गृहस्थ वा अन्य गोल्फ खेळणाऱ्याला वहीत नाव लिहिण्याची मुभा होती. लीथमध्ये आपसांत कसे खेळायचे ते ठरलेले होते, ते लिहून ठेवायची कुणाला गरज पडली नव्हती. पण आयर्लंडहून किंवा स्कॉटलंडच्या दुसऱ्या टोकाहून आलेल्याला ते कोण सांगणार?

या प्रश्नाचे उत्तर मंडळींच्या वहीत सापडते. ‘गोल्फ खेळण्याची कलमे व नियम’ अशा अर्थाचा मथळा, खाली तेरा छोटी कलमे आणि शेवटी सही: जॉन रॅट्रे, कप्तान. गोल्फचे लिखित स्वरूपात सापडलेले हे सर्वांत जुने नियम.

या सहीकडे जरा थांबून पाहायला हवे. कप्तान हे पद निवडणुकीचे नव्हते. काठी जिंकेल तो वर्षभर कप्तान आणि खेळाबद्दलचे तंटे त्याने दोनतीन सभासदांना बरोबर घेऊन मिटवायचे, असे ठराव सांगतो. पहिला सामना झाला सोमवार, 2 एप्रिल 1744 रोजी आणि तो रॅट्रेने जिंकला. म्हणजे ‘कप्तान’ अशी सही त्याआधी होऊच शकत नाही. नियम पहिल्या सामन्यासाठी तयार झाले असे सर्रास लिहिले जाते आणि ते संभवनीयही आहे, कारण नियमांवाचून परक्यांना बोलावण्यात अर्थ नव्हता. पण आपल्या हाती असलेला कागद मात्र सामन्यानंतरचा, निदान सामन्यानंतर सही झालेला आहे. आधी तोंडी ठरलेले नंतर वहीत उतरले, की आधीच्या मसुद्यावर विजेत्याने मोहर उठवली, एवढेच काय ते अनुमानावर सोडावे लागते.

आता कलमे. पहिले सांगते की चेंडू आधीच्या होलपासून काठीच्या लांबीच्या आत मांडायचा. म्हणजे चेंडू मांडायला वेगळी जागा नव्हती. जिथे एक होल संपला तिथूनच, त्याच तुडवलेल्या जमिनीवरून, पुढचा सुरू. चौथे कलम म्हणते की फटका सोपा व्हावा म्हणून वाटेतले दगड, हाडे किंवा काठी मोडेल असे काही उचलायचे नाही. मुभा फक्त मोकळ्या हिरवळीवर, तीही चेंडूपासून काठीभर अंतरात. दहावे कलम असे: चेंडू माणसाला, घोड्याला, कुत्र्याला किंवा आणखी कशाला लागून थांबला तर जिथे थांबला तिथूनच खेळायचा. शेवटचे कलम मैदान राखण्यासाठी खणलेले चर, मुलांचे खळगे आणि सैनिकांच्या रांगांच्या जागा यांना अडथळा मानत नाही. तिथला चेंडू उचलून, मांडून, लोखंडी काठीने खेळायचा.

एवढ्या तीनचार कलमांतून मैदान डोळ्यांसमोर उभे राहते. ही कुणाची खाजगी हिरवळ नव्हती. गावाची सार्वजनिक जागा होती ती. तिच्यात हाडे पडलेली, कुत्री मोकाट, मुले खळगे खणून खेळताहेत आणि बाजूला सैनिकांची कवायत. नगरसभेच्या ठरावातले आणखी एक कलम याला पुष्टी देते: सामना चालू असताना किंवा एरवीही गाड्या आणि घोडेस्वार यांनी मैदानातून न जाता हमरस्त्याने जावे, आणि मैदानावर कुणी अतिक्रमण केले तर कप्तानाने नगराध्यक्षाकडे तक्रार करावी. मनाई करावी लागली, त्याअर्थी गाड्या जात होत्या. 1744 साली काठी जिंकणे म्हणजे मैदानाची राखणदारीही अंगावर घेणे होते.

काही कलमे मैदानाइतकीच माणसे दाखवतात. सातवे बजावते की होलजवळ आलात की चेंडू प्रामाणिकपणे होलकडे मारा, प्रतिस्पर्ध्याचा चेंडू वाटेत नसताना त्याच्यावर नेम धरू नका. नववे म्हणते की होलपर्यंतची वाट काठीने वा कशानेही आखून ठेवायची नाही. अकरावे: काठी उगारून खाली आणायला सुरुवात केली आणि ती मोडली तरी तो फटका धरला जाईल. असले नियम आधी कुणी तसे करून पाहिल्याशिवाय सुचत नाहीत. मित्रांच्या खेळातल्या जुन्या कुरबुरींची ही यादीच आहे म्हणा ना.

आणि काय लिहिलेले नाही? होल किती, फेऱ्या किती, काठ्या किती वापरायच्या, यातले काहीच नाही. लीथला पाच होल होते, सर्वांत लहान 414 यार्डांचा आणि सर्वांत मोठा 495 यार्डांचा, हे अन्यत्रच्या नोंदींवरून कळते. ते मैदानावर उभे राहिल्यावर दिसतच होते, मग लिहायचे कशाला? लिहायचे ते फक्त ज्यावरून वाद होईल ते.

आता पहिल्या विजेत्याबद्दल. जॉन रॅट्रेचे वडील टॉमस रॅट्रे स्कॉटलंडच्या एपिस्कोपल पंथाचे बिशप होते. जॉन स्वतः शल्यवैद्य आणि धनुर्धारीही होता. एडिंबराच्या धनुर्धाऱ्यांमध्ये शहराच्या चांदीच्या बाणासाठी 1709 पासून चढाओढ चालत असे. काठीची कल्पना त्या बाणावरून निघाली असावी, हा अभ्यासकांचा तर्क पटण्याजोगा आहे. 1745 साली रॅट्रेने काठी पुन्हा जिंकली. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारविरुद्ध बंड करून उठलेल्या राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टची फौज एडिंबरात शिरली आणि प्रेस्टनपॅन्सची लढाई झाली. जखमींवर उपचार करायला रॅट्रेला बोलावणे आले. तो गेला आणि पुढे त्या फौजेबरोबरच राहिला. 16 एप्रिल 1746 रोजी कलोडनला चार्ल्सचा पुरता मोड झाला आणि रॅट्रे पकडला गेला. एप्रिल हा काठीचा महिना. ज्याने गोल्फचे तंटे मिटवायचे तो कप्तान त्या एप्रिलमध्ये सरकारचा कैदी होता.

तो फासावरून वाचला ते डंकन फोर्ब्सने शब्द टाकला म्हणून, असे परंपरा सांगते. फोर्ब्स सरकारचा खंदा पाठीराखा, बंडाचा कट्टर विरोधक आणि लीथच्या मैदानावरचा जुना सोबती. एकाच कवितेत दोघांची नावे आहेत, हा मैत्रीचा निदान छापील पुरावा आहे. पण सुटकेमागचे कारण गोल्फच होते असे म्हणायला तेवढा पुरावा पुरत नाही. शल्यवैद्याला सौम्य वागणूक मिळण्याची इतरही कारणे असू शकतात. नक्की आहे ते एवढेच: रॅट्रे 1747 मध्ये सुटला, एडिंबराला परतला आणि 1751 साली तीच काठी तिसऱ्यांदा जिंकला. फौजेबरोबर गेलेल्या माणसाचे नाव पुन्हा वहीत आले, यावरून मंडळींनी त्याला दूर लोटले नव्हते हे उघड आहे.

कलमे लिहून झाली तरी कुरबुरी थांबल्या नाहीत, याचीही नोंद आहे. एप्रिल 1758 मध्ये कप्तान टॉमस बॉसवॉलच्या सहीने दुरुस्ती झाली. पाण्यातल्या चेंडूबद्दलचे पाचवे आणि खळग्यांबद्दलचे तेरावे, या दोन कलमांवरून वरचेवर वाद होतात, असे ती सरळ सांगते. यापुढे मुलांच्या खळग्यांखेरीज कुठेही चेंडू उचलला तर एक फटका दंड. बाकी सगळीकडे चेंडू पडला तिथूनच खेळायचा. अर्धा तरी पाण्यात किंवा घाणीत बुडाला असेल तरच एक फटका सोसून बाहेर काढता येईल. ‘अर्धा’ हा शब्द कायद्यात घालायची पाळी आली, तेव्हा किती बुडाला म्हणजे बुडाला यावर गुडघ्यावर बसून हुज्जत झाली असणारच.

आणि ज्यांच्यासाठी एवढी तयारी केली ते पाहुणे? नाव लिहिणारे 1744 मध्ये दहाबाराच होते. दूरदूरच्या खेळाडूंची रीघ लागल्याचे चिन्ह नाही. वीस वर्षांनी, 1764 मध्ये, मंडळींनी नगरसभेकडे जाऊन सामना आपल्या सभासदांपुरता करून घेतला. दार असे रीतसर बंद झाले. 1768 मध्ये मैदानाशेजारी स्वतःच्या वास्तूची पायाभरणी झाली आणि मिसेस क्लेफन यांच्या घरापासून सुरू झालेला कंपू क्लब बनला. पुढे तोच ‘ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरो गोल्फर्स’. टोबायस स्मॉलेटच्या 1771 मधल्या कादंबरीत लीथला सगळ्या थरांतले लोक अंगरखे काढून, नुसत्या शर्टात खेळताना दिसतात. कादंबरी हा जपून वापरायचा पुरावा, तरी मैदान सर्वांचे आणि काठी थोड्यांची, ही विभागणी तिच्याशी जुळते. काठीची मिरवणूक मात्र डेव्हिड ॲलनने रंगवलेल्या कप्तान विल्यम इंग्लिसच्या चित्रात मागच्या बाजूला दिसते: नगारे आणि उंच धरलेली काठी. खर्च टाळू पाहणाऱ्या नगरसभेने कबूल केलेला नगारा अखेर सोहळाच झाला होता.

पाहुण्यांसाठी लिहिलेली कलमे मात्र वाया गेली नाहीत. 1754 मध्ये सेंट अँड्रूजच्या बावीस उमराव-गृहस्थांनी आपल्याकडेही चांदीची काठी ठेवली आणि लीथची तेरा कलमे जवळजवळ जशीच्या तशी उतरवून घेतली. ठळक बदल केला तो पाण्याच्या कलमात: चेंडू अडथळ्यामागे नेऊन मांडण्याऐवजी निदान सहा यार्ड मागे टाकायचा. लीथच्या वहीच्या अखेरच्या पानांवरची मूळ कलमे 1937 पर्यंत कुणाच्या ध्यानात आली नव्हती, त्यामुळे तोवर आद्यत्वाचा मान सेंट अँड्रूजला मिळत होता. आज दोन्ही कागद शेजारी ठेवता येतात. आयर्लंडचा खेळाडू पाच शिलिंग घेऊन लीथला आला नाही खरा. पण दहाच वर्षांत दुसऱ्या गावच्या बावीस माणसांना तीच कलमे आपलीशी करावीशी वाटली. रॅट्रे आणि मंडळींनी नियम लिहिले ते परक्याला कळावेत म्हणून, आणि परक्यांना ते कळले.