मरण्यापुरता दुसरा

तमिळमध्ये दुहेरी भूमिकेला ‘इरट्टै वेडम’ म्हणतात. इरट्टै म्हणजे जोडी, जुळं. वेडम म्हणजे आपला संस्कृत ‘वेष’च, तमिळ वळणात विषाचं विडम होतं, तसं वेषाचं वेडम. मराठीत हा शब्द अंगावरच्या कपड्यांपाशी थांबला आणि उरलेलं काम आपण ‘सोंगा’कडे सोपवलं. तमिळ नाटकवाल्यांनी मात्र नटाने उभं केलेलं अख्खं पात्र त्यात बसवलं. वेष म्हटला की तो एका अंगावर दोनदा, तीनदा, दहादा चढवता येतो, त्यात कुणाला गैर वाटत नाही. त्यामुळे एका नटाने अनेक भूमिका करण्याचं मूळ या नाटकी सवयीत शोधलं जातं, आणि ते चूक नाही. पण ही सवय मारधाडीच्याच चित्रपटात एवढी का रुजली, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. ‘चाहत्यांना आपला हिरो दुप्पट हवा असतो’ हे नेहमीचं उत्तरही अर्धवटच आहे. दुप्पट हवा असेल तर दोन्ही भूमिका सारख्याच तोलामोलाच्या असायला हव्यात. प्रत्यक्षात त्यातली एक बहुतेक वेळा मार खाते, बिघडते किंवा मरते. मला वाटतं, या प्रथेचं बीज तिथेच आहे. ताऱ्याला जे शोभत नाही आणि चाहत्यांना जे सोसत नाही, ते त्याच्याच दुसऱ्या देहावर ढकलायची ही युक्ती आहे.

पहिलं पाऊल पडलं ते मात्र मराठी माणसाच्या हातून, आणि त्यात या युक्तीचा मागमूसही नव्हता. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ सालच्या ‘लंका दहन’मध्ये अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही झाले. चार वर्षांपूर्वी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती करणारे हेच. राम आणि सीता एकाच माणसाने करावेत असं कथेत काही नव्हतं. दोन पात्रांचे चेहरे एक असण्यावर काहीही अवलंबून नव्हतं. तमिळमध्ये मामला उलटा झाला. सेलमच्या मॉडर्न थिएटर्सने १९४० साली टी. आर. सुंदरम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘उत्तम पुत्रन’ काढला. तमिळ पडद्यावरची पहिली दुहेरी भूमिका म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. गोष्ट अलेक्झांडर द्युमाच्या लोखंडी मुखवट्यातल्या कैद्याची: जुळे राजपुत्र, एक गादीवर माजलेला, दुसरा राजवाड्याबाहेर वाढलेला. हॉलिवूडने आदल्याच वर्षी तिच्यावर चित्रपट केला होता. पण सेलमला ती पेलली ती पी. यू. चिन्नप्पांमुळे. ते बॉइज कंपनीत, म्हणजे पोरांच्या नाटक कंपनीत घडलेले, गाणारे आणि लाठी-तलवार चालवणारे नट. त्या कंपन्यांमध्ये भूमिकांचे ठरलेले साचे असत, राजपार्ट आणि स्त्रीपार्ट. पोरगा वाढेल तसा एकातून दुसऱ्यात जाई. राजपार्टवाल्याला तोडीचा प्रतिस्पर्धी कुठून आणायचा, हा प्रश्न ‘उत्तम पुत्रन’ने पहिल्यांदा सोडवला. त्याच्याच तोडीचा म्हणजे तोच. प्रेक्षकाला हिरोचा दुष्टपणा बघायला मिळाला, आणि हिरोचं नाव काही खराब झालं नाही.

तंत्राच्या अंगानेही ही प्रथा मारधाडीच्या घरीच वाढायची होती. त्या काळची रीत साधी आणि जिवावरची. कॅमेरा जमिनीला खिळल्यासारखा पक्का करायचा, भिंगापुढे काळा आडोसा लावून चौकटीची उजवी बाजू झाकायची आणि नटाने डाव्या बाजूला उभं राहून समोरच्या रिकाम्या हवेशी भांडायचं. मग फिल्म कॅमेऱ्यातच उलटी गुंडाळून मूळ जागेवर आणायची, आडोसा दुसरीकडे सरकवायचा, नटाने पोशाख बदलून, मघाशी कुठल्या शब्दाला किती थांबलो होतो ते मनात मोजत उत्तरं द्यायची. मधली शिवण दिसू नये म्हणून तिथे खांब किंवा दाराची चौकट येईल असा सेट लावायचा. कॅमेरा केसभर हलला की दोन्ही वेळचं चित्रण वाया. अशा दृश्यात दोघांनी आपापल्या अर्ध्यात राहायचं, मधली रेघ ओलांडायची नाही; म्हणजे मिठी नाही, मारामारी तर नाहीच. मारामारीसाठी लागतो तो पाठमोरा बदली माणूस, आणि तो स्टंटच्या चित्रपटात आधीपासून पगारावर होताच. तमिळ स्टुडिओत त्याला ‘डूप’ म्हणतात. एका भूमिकेत दोन देह ही तिथली रोजची गोष्ट होती. दोन भूमिकांत एक देह ही तिचीच उलटी बाजू. तलवारबाजीत एकाचा चेहरा आणि दुसऱ्याची पाठ, मग अदलाबदल, एवढं जमलं की नट स्वतःशीच लढू शकतो. सामाजिक किंवा भक्तिपर चित्रपटाला हा सरंजाम मुद्दाम जमवावा लागला असता.

१९५८ साली ही कुळी दोन फांद्यांत फुटली. शिवाजी गणेशन यांनी ‘उत्तम पुत्रन’ पुन्हा केला. (‘शिवाजी’ हे नावही महाराष्ट्राकडूनच गेलेलं: सी. एन. अण्णादुराईंच्या नाटकात छत्रपतींची भूमिका केल्यावर पेरियारांनी गणेशनना ते दिलं.) एम. जी. रामचंद्रन (एमजीआर) यांनीही ‘उत्तम पुत्रन’ याच नावाच्या चित्रपटाची घोषणा केली होती. ती सोडून त्यांनी स्वतः निर्माता-दिग्दर्शक होऊन ‘नाडोडी मन्नन’ काढला, अँथनी होपच्या झेंडाच्या कैद्यावरून. पानिपतानंतर तोतया म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही, पण आपला तोतया राज्य बळकावायला येतो. होपचा तोतया खऱ्या राजाची गादी राखून निघून जातो. एमजीआरचा वीरांगन गादीवर बसल्या बसल्या गरिबांसाठी कायदे जाहीर करतो. या चित्रपटात दुष्ट जुळा नाही. राजा मारतांडनही एमजीआरच, पण त्याच्या वाट्याला काय येतं? गुंगीचं औषध, अपहरण आणि कैद. पराक्रम सगळा दुसऱ्याचा. सात वर्षांनी ‘एंग वीट्टु पिळ्ळै’मध्ये हाच हिशेब चाबकावर मांडला गेला. भित्रा रामू मेहुण्याचे फटके निमूट खातो आणि पुढे तोच चाबूक धीट जुळ्याच्या हातात येतो. एमजीआरने पडद्यावर मुकाट मार खाणं एरवी कुणी चालवून घेतलं नसतं. १९६२च्या ‘पासम’मध्ये त्यांचा नायक शेवटी मरतो, चाहत्यांनी ते मनावर घेतलं आणि चित्रपट पडला. ‘मदुरै वीरन’मध्येही तो मरतो आणि तो चित्रपट धो धो चालला, असं कुणी दाखवून देईल. खरं आहे, पण मदुरै वीरन हा गावोगाव पुजला जाणारा देव. त्याचं मरण लोकांना आधीपासून ठाऊक होतं, आणि देव मेला तरी देऊळ राहतं.

ती सोय देव नसलेल्या हिरोला बाप-मुलाच्या भूमिकेने करून दिली. ‘मून्ड्रु मुगम’मध्ये (१९८२) रजनीकांतच्या तीन भूमिका आहेत, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते अलेक्स पांडियन या पोलीस अधिकाऱ्याचं, जो दगाबाजीने मारला जातो. बाकीचे दोघे त्याचे मुलगे. ‘अपूर्व सगोदररगळ’मध्ये (१९८९) कमल हासनचा प्रामाणिक अधिकारी सुरुवातीलाच संपतो आणि त्याचे जुळे मुलगे, सूड घेणारा आणि त्यापायी संशयात सापडणारा, पुन्हा कमल हासनच. विजयच्या ‘मेर्सल’मध्ये (२०१७) आणि ‘बिगिल’मध्ये (२०१९) मरणारा बाप मध्यंतराच्या आसपासच्या फ्लॅशबॅकमध्ये ठेवलेला आहे. ही जागा नीट पाहावी. तारा मेल्याचं दुःख प्रेक्षकाला होतं तेव्हा तोच तारा जिवंत आहे, पुढच्या दृश्यात येणार आहे, हे त्याला पक्कं माहीत असतं. दुःख पुरेपूर, धोका शून्य.

यावर सगळ्यात जड आक्षेप असा, की ज्या अनेक-भूमिकांच्या चित्रपटांचं सर्वाधिक कौतुक झालं त्यांत हे गणित लागूच पडत नाही. ‘नवरात्री’त (१९६४) शिवाजींच्या नऊ भूमिका नऊ रसांच्या, ‘मायकल मदन काम राजन’मध्ये चार कमल हासन नुसता गोंधळ घालतात, ‘दशावतारम’मध्ये (२००८) त्यांचेच दहा अवतार. आक्षेप मान्य, पण ही वेगळीच फांदी आहे. ‘तिरुविळैयाडल’मध्ये एकाच मैफलीत गाणारे, वीणा, बासरी आणि मृदंग वाजवणारे आणि बोल म्हणणारे सगळे शिवाजीच दिसतात. तिथे वेडम हे कसबाचं प्रदर्शन असतं, कथेला त्याची निकड नसते. म्हणून अशा चित्रपटातली एखादी भूमिका गाळली तरी गोष्ट उभी राहते. ‘मून्ड्रु मुगम’मधून अलेक्स पांडियन काढा, राहील काय? दुसरा आक्षेप पैशाचा: एका मानधनात दोन पात्रं. तो हिशेब कागदावरचा. चित्रणाचे दिवस वाढतात, डूप लागतो, आणि ज्याची एकेक तारीख मोलाची असते तोच माणूस प्रत्येक दृश्यात दोनदा उभा करावा लागतो.

या सगळ्या प्रकाराला अंगावर घेणारा चित्रपट एकच ठळक आठवतो, शंकरचा ‘इंडियन’ (१९९६). मेकअपखाली म्हातारा झालेला कमल हासन म्हणजे स्वातंत्र्यसैनिक सेनापती, लाचखोरांना मारणारा. आणि तरुण कमल हासन म्हणजे त्याचा मुलगा चंद्रू, लाच घेणारा. तमिळ प्रथेप्रमाणे बापाने मरायचं आणि मुलाने सूड घ्यायचा. इथे प्रेक्षक ज्याच्याबरोबर गाणी ऐकत आला, ज्याचा चेहरा मेकअपविना आहे आणि पोस्टरवरून ओळखू येतो, तो मरतो, तेही बापाच्या हातून. आणि सुरकुत्यांचा मुखवटा लावलेला शेवटी परदेशातून फोन करतो.