रेशनचे दिवस आणि पानातले अन्न

‘पानात टाकू नये’ ही शिकवण आपल्यापैकी बहुतेकींना अक्षरओळखीच्याही आधी मिळाली. ती केवळ धर्माची शिकवण नव्हे; तिच्यामागे उपासमारीची आठवण आहे.

१९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. धान्य अगदीच नव्हते असे नाही. ते विकत घेण्याची ऐपत गरिबांपाशी उरली नव्हती, असे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. त्याच १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. रांगेत उभे राहणे आणि धान्यातले खडे वेचणे हा गृहिणीच्या दिनक्रमाचा भाग झाला. स्वातंत्र्यानंतरही टंचाई सरली नाही. १९५० नंतरच्या काही वर्षांत लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने महिलांच्या अन्न परिषदेने ‘अन्नपूर्णा’ नावाची उपाहारगृहे काढली; तांदूळ-गहू टाळून केलेले पदार्थ तेथे मिळत. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारचे रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. १९७२ च्या दुष्काळात तर महाराष्ट्रातील हजारो कुटुंबांनी दुष्काळी कामांवर सुकडी खाऊन दिवस काढले.

टंचाईच्या या काळात अनेक राज्यांत जेवणावळीच्या पाहुण्यांची संख्या सरकारी हुकुमाने मर्यादित करावी लागली. घरात कण कण जपणारा समाज मांडवात मात्र हात सैल सोडीत होता! पंगतीतला आग्रह हे प्रतिष्ठेचे लक्षण. ‘नको’ म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एक जिलबी पडे. यजमानाचे नाव होई आणि जिलबी उष्ट्यात जाई.

आणि घरी उरलेले कोण खाई? फोडणीची पोळी, शिळ्या पोळीचा लाडू, उरल्या भाताचे सांडगे ही आपल्या आया-आज्यांची कल्पकता खरीच. परंतु सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरलेसुरले बहुधा तिच्याच वाट्याला येई. तिच्या काटकसरीचे कौतुक पुष्कळ झाले. ती काटकसर कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन झाली, हे मात्र क्वचितच कोणी विचारले.

आज रेशनची ती रांग बव्हंशी विस्मरणात गेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून. आपल्याकडेही फ्रिज आला आणि आजचे उरलेले चार दिवसांनी टाकण्याची सोय झाली.

तेव्हा अन्न जपायचे, पण ते घरातल्या बाईने एकटीने शिळे खाऊन नव्हे. माणसे मोजून रांधावे, वाढताना विचारावे, उरलेच तर ते घरातल्या सर्वांच्या पानात सारखे पडावे. आणि ‘पुरे’ म्हणणाऱ्याच्या पानावर आपला हात थांबावा. याचा आरंभ मंडळाच्या पुढच्या सहभोजनापासून करता येईल.