खिशातली कॅसेट

जानेवारी १९८२. न्यू जर्सीत भाड्याच्या घरात ब्रूस स्प्रिंगस्टीन गिटार, माऊथ ऑर्गन आणि चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर घेऊन बसला. गाणी कच्ची, बँडला ऐकवण्यापुरती. ती कॅसेट तो कव्हरशिवाय खिशात घेऊन फिरायचा. पुढे स्टुडिओत बँडसोबत तीच गाणी वाजवून पाहिली. आवाज भरला, पण त्यातली बेचैनी हरवली. शेवटी सप्टेंबरमध्ये कॅसेटवरचीच गाणी ‘नेब्रास्का’ अल्बम म्हणून आली. नोकरी गेलेला कामगार, कर्जात बुडालेला माणूस, खुनी: सगळे एकटे.

पहिल्यांदा ऐकताना मला टेपची खरखर दोष वाटली होती. आता वाटतं, पुढे बेडरूममध्ये गाणी रेकॉर्ड करणाऱ्या इंडी पोरांना धीर या खरखरीनेही दिला असणार. रात्री हेडफोन लावून ऐकाच.