वादळाची पूर्वसूचना आणि रायगडचा अंतर्भाग : कर्जत व खालापूर तालुक्यांच्या संदर्भात

(१)

कोकणातील वादळांचा इतिहास आजवर बहुधा समुद्राकडे तोंड करून लिहिला गेला आहे. फुटलेली गलबते, मोडलेले धक्के आणि आडव्या झालेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या ही त्या इतिहासाची नेहमीची सामग्री होय. परंतु वादळ किनाऱ्यावर येऊन थांबत नाही. ते जमिनीवर चढते, त्याच्या वाऱ्याचा जोर हळूहळू ओसरतो, आणि वाऱ्याने सोडलेले काम पुढे पाऊस हाती घेतो. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके ह्या दुसऱ्या टप्प्यात सापडतात. उघड्या समुद्रापासून ते सरळ रेषेत सुमारे ४० ते ४५ किलोमीटर आत आहेत. त्यांच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. कर्जतमधून उल्हास व खालापुरातून पाताळगंगा ह्या नद्या वाहतात. वादळाची सूचना देणारी व माणसांना वेळीच हलविणारी व्यवस्था ज्या क्रमाने घडत गेली, त्या क्रमात ह्या अंतर्भागाला कोणते स्थान मिळाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रारंभीच जिल्ह्याच्या घडणीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कर्जत तालुका मूळचा ठाणे जिल्ह्याचा; खालापूर हा त्यातील एक पेटा होता. त्यामुळे मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये ह्या प्रदेशाचे वर्णन १८८३ च्या कुलाबा खंडात नसून १८८२ च्या ठाणे खंडात आढळते. कर्जत कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला तो १८९१ मध्ये. कुलाबा हे नाव अलिबागसमोरील जलदुर्गाचे. १९८१ मध्ये जिल्ह्याने एका गिरिदुर्गाचे नाव धारण केले. जिल्ह्याचे नाव असे समुद्रातून डोंगरावर गेले. संकटाविषयीची दृष्टी मात्र पुष्कळ काळ बंदरातच राहिली.

(२)

ह्या दृष्टीचे मूळ पूर्वसूचनेच्या इतिहासातच आहे. ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्यास झालेल्या भीषण वादळानंतर १८६५ मध्ये त्या बंदरासाठी धोक्याची सूचना देण्याची पद्धत सुरू झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि १८८० च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांनाही अशा सूचना मिळू लागल्या. ही सर्व योजना जहाजांच्या रक्षणार्थ होती. बंदरात चढणारा बावटा हे तिचे दृश्य चिन्ह. आजही कोकणात ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असे म्हटले की त्याचा अर्थ कोळ्यांच्या घरात वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ह्या संकेतांची संख्या ११ असून, त्यांतील अखेरचा संकेत विशेष लक्षणीय आहे. तो वादळाच्या तीव्रतेविषयी काही सांगत नाही. सूचना देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे, एवढेच सांगतो. संपर्क तुटणे हाच एक धोका होय, ही गोष्ट बंदरांच्या व्यवस्थेने फार पूर्वी ओळखली होती.

शब्दांचा इतिहासही ह्याच दिशेने जातो. ‘वादळ’ हा शब्द संस्कृत ‘वार्दल’ ह्यापासून आला असून त्याच कुळातील हिंदी ‘बादल’ म्हणजे मेघ. म्हणजे मूळ शब्दात पावसाळी, वाईट हवेचा अर्थ आहे, समुद्राचा नाही. ‘तुफान’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. ‘चक्रीवादळ’ हा मात्र अर्वाचीन शास्त्रीय शब्द. कलकत्त्यातील हेन्री पिडिंग्टन ह्याने खलाशांसाठी लिहिलेल्या १८४८ च्या ग्रंथात सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ देणाऱ्या ग्रीक शब्दावरून जी इंग्रजी संज्ञा रूढ केली, तिला मराठीने दिलेला हा प्रतिशब्द आहे. अशा रीतीने शास्त्रीय संज्ञा, संकेत आणि सूचना ही तिन्ही नौकानयनाच्या गरजेतून जन्मास आली.

इतिहासाच्या साधनांवरही ह्याचा परिणाम झाला आहे. ६ जून १८८२ रोजी मुंबईस वादळ होऊन एक लाख माणसे दगावली, असे विधान अनेक याद्यांतून पुनःपुन्हा छापले गेले. समकालीन नोंदींत त्याला आधार मिळत नाही, आणि अभ्यासक ते आता कल्पित मानतात. उलट नोव्हेंबर १८५४ व नोव्हेंबर १९४८ ची मुंबईची वादळे खरी आहेत. परंतु त्यांचीही वर्णने बंदर, जहाजे व शहर ह्यांभोवती फिरतात. जेथे नोंद ठेवणारे होते तेथले नुकसान इतिहासात आले. डोंगराच्या कुशीतील वाडीचे छप्पर उडाले तर ते टिपून ठेवणारा कोणी तेथे नव्हता.

(३)

ह्याचा अर्थ अंतर्भागात तयारी नव्हती असा नव्हे. तेथे दरवर्षीची एक तयारी होती, आणि तिला स्वतःची परिभाषा होती. मृगापूर्वीचे दिवस म्हणजे आगोट. ह्या काळात घर शाकारायचे, सरपण व शेण्या आत घ्यायच्या, धान्य, मीठ, सुकी मासळी ह्यांची बेगमी करायची, गुरांसाठी पेंढा झाकून ठेवायचा आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजून जमीन तयार करायची, असा क्रम असे. ठाकूर व कातकरी लोकांच्या वस्त्यांत कारवीच्या कुडाला लिंपण देऊन भिंत पुन्हा धड केली जाई. चार महिने वाट बंद राहील, असे गृहीत धरूनच ही सिद्धता होत असे.

तथापि ही तयारी वरून पडणाऱ्या पावसाविरुद्ध होती. आडव्या वाऱ्याविरुद्ध नव्हती. शाकारलेले कौल पाणी अडविते, पण वाऱ्याने खालून उचलले तर ते टिकत नाही. कौलांच्या व गवताच्या जागी पत्रे आल्यानंतर हा दोष अधिकच वाढला. कारण धड न बांधलेला पत्रा उडाला तर घर उघडे पडतेच, शिवाय तो दुसऱ्याच्या जिवावर उठतो. दुसरी गोष्ट अशी की, आगोटीच्या सर्व तयारीचा हेतू घरात राहणे हा आहे. घर सोडून जाण्याची कल्पनाच तीत नाही. पूर्वसूचनेची आधुनिक व्यवस्था जेव्हा अंतर्भागात पोहोचली, तेव्हा तिची गाठ ह्या जुन्या रीतीशी पडली.

(४)

ती गाठ स्पष्टपणे दिसली ३ जून २०२० रोजी. १ जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला, २ जूनला त्याचे चक्रीवादळ झाले, आणि ३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ‘निसर्ग’ ह्या नावाच्या त्या वादळाने अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर असून झोत १३० पर्यंत जात होते. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एवढ्या जोराचे वादळ १८९१ पासूनच्या नोंदींत नाही. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ अलिबाग व मुंबई ह्यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले होते; पण त्याची स्मृती मुख्यतः समुद्रात गेलेल्या मच्छिमारांच्या संदर्भात टिकली.

तयारीस अवघे दोन दिवस मिळाले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांच्याकडून तहसीलदार, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील असा आदेश खाली उतरतो. पूर्वी कोतवालाची दवंडी जे काम करी ते आता ध्वनिक्षेपक व भ्रमणध्वनी करतात. महाराष्ट्र व गुजरात मिळून सुमारे एक लाख माणसे सुरक्षित जागी हलविण्यात आली. त्यातच कोरोनाची साथ चालू होती. माणसांनी एका निवाऱ्यात एकत्र यावे ही वादळाची गरज, तर त्यांनी एकत्र येऊ नये ही साथीची. अशा पेचात सापडूनही मनुष्यहानी थोडी झाली, हे पूर्वसूचनेचे यश निःसंशय होय. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड येथील सुपारीच्या बागा मात्र वाचविता येण्यासारख्या नव्हत्या.

किनारा ओलांडल्यावर वादळ ईशान्येकडे, जमिनीवरून पुढे सरकले. कर्जत व खालापूर तालुक्यांतही घरांचे पत्रे उडाले, झाडे व विजेचे खांब पडले आणि गावे अंधारात गेली. येथे एक मुद्दा ध्यानात घेण्यासारखा आहे. ऑक्टोबर १९९९ च्या ओडिशातील महावादळानंतर हवामान खात्याने सूचनेचे चार टप्पे ठरविले. पहिला ७२ तास, दुसरा ४८ तास, तिसरा २४ तास आणि चौथा १२ तास आधी. पहिले तीन टप्पे किनाऱ्यासाठी आहेत. चौथा टप्पा वादळ जमिनीवर आल्यानंतर कोठे जाईल व आतील जिल्ह्यांत काय होईल हे सांगणारा आहे. म्हणजे अंतर्भागाचा विचार व्यवस्थेत आला, पण शेवटी आला. किनाऱ्याला तयारीसाठी तीन दिवसांची मुदत मिळू शकते, तर डोंगरातील वाडीला कित्येकदा अर्ध्या दिवसाची. शिवाय किनाऱ्यावरील गाव बहुधा रस्त्यावर असते. वाडीला पायवाट असते.

(५)

सूचना पोहोचली तरी ती कोणत्या शब्दांत पोहोचते हा प्रश्न उरतो. शासकीय आदेशातील वाक्य असते: ‘नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.’ कार्यालयीन भाषेत ‘स्थलांतर’ म्हणजे एकदोन रात्रींसाठी शाळेत किंवा समाजमंदिरात जाणे. परंतु कर्जत-खालापूर भागात हाच शब्द वेगळ्या अनुभवाला चिकटलेला आहे. खैरापासून कात काढणे हा ज्यांचा मूळ व्यवसाय, त्या कातकरी समाजातील कुटुंबे पावसाळा संपताच वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर कामास जातात आणि आगोटीच्या तोंडी परततात. ह्याच जाण्यायेण्याला समाजशास्त्राच्या व शासनाच्या लेखी ‘स्थलांतर’ म्हणतात. धरणे व प्रकल्प ह्यांमुळे कायमचे गाव सोडावे लागणे, तेही अनेकांच्या तोंडी स्थलांतरच. एका शब्दात अशा तीन गोष्टी सामावल्या आहेत: रात्रीपुरते हलणे, हंगामापुरते जाणे आणि कायमचे उठणे. ऐकणाऱ्याने त्यांतील सर्वांत कटू अर्थ आधी घेतला, तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही.

ज्या आदेशात कोठे जायचे, किती दिवस राहायचे, गुरे कोणी सांभाळायची आणि परत केव्हा यायचे हे सांगितलेले नसते, तो आदेश व्याकरणदृष्ट्या पूर्ण असूनही व्यवहारात अपुरा असतो. बांगला देशात १९७० च्या प्रलयंकारी वादळानंतर १९७२ मध्ये जो स्वयंसेवकांचा कार्यक्रम उभा राहिला, त्याचे मर्म हेच आहे की शेवटच्या घरापर्यंत सूचना त्याच गावातील माणसाने, त्याच गावच्या बोलीत न्यावी. तेथेही बावटे आहेत. पण बावट्यामागे ओळखीचा आवाज आहे.

(६)

अंतर्भागातील ह्या उणिवेचे सर्वांत दुःखद उदाहरण चक्रीवादळाचे नाही, पावसाळ्यातील अतिवृष्टीचे आहे. परंतु सूचना देणारी यंत्रणा, आदेश देणारी कचेरी आणि हलविण्याची जबाबदारी तीच असल्यामुळे ते येथे विचारात घेणे भाग आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात चौकजवळच्या इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी ह्या ठाकूर वस्तीवर दरड कोसळली. विधानसभेत दिलेल्या माहितीनुसार तेथे ४८ कुटुंबे व २२८ माणसे राहत होती, आणि आधीच्या तीन दिवसांत सुमारे ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. गाडीरस्ता नसल्याने यंत्रे वर नेता आली नाहीत. मदतकार्य पायवाटेने, हातांनी करावे लागले. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जणांचा शोध लागला नाही आणि २३ जुलैस शोधकार्य थांबविण्यात आले.

ह्या घटनेनंतर एक गोष्ट शासनाने सांगितली: इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन ह्या गावांवर दरडी कोसळल्या. जुलै २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यातील माळीण गाडले गेले. जुलै २०२१ मध्ये महाडमधील तळिये. प्रत्येक आघातानंतर पाहण्या झाल्या, याद्या सुधारल्या. याद्यांचा उपयोग आहेच. यादीतील गावांना पावसाळ्यापूर्वी नोटिसा जातात, जोराचा पाऊस होताच तेथील माणसे हलविता येतात. परंतु यादी ही मागील अनुभवाची नोंद असते. जेथे पूर्वी दरड पडली नाही ते स्थान सुरक्षित, असा तिचा अर्थ नकळत होऊन बसतो. जिल्ह्याला अतिवृष्टीचा इशारा दिलेला असूनही यादीबाहेरच्या वाडीवर तो कृतीत उतरत नाही. बंदराच्या परिभाषेत बोलायचे तर तेथे अकरावा बावटा कायमचाच लागलेला असतो, आणि तो कोणाला दिसत नाही.

(७)

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, समुद्रापासूनचे अंतर हे किनाऱ्यावरील धोक्याचे माप आहे. अंतर्भागासाठी उताराची तीव्रता, छपराची बांधणी आणि रस्त्यापासूनचे अंतर ही मापे लावावी लागतील. ती लावली तर कर्जत व खालापूर ह्यांची गणना दूरच्या तालुक्यांत करता येणार नाही. दुसरा निष्कर्ष भाषेविषयी आहे. ‘शाकारणे’ ह्या एका शब्दात काय करायचे, केव्हा करायचे व कोणी करायचे हे सर्व सामावलेले आहे; म्हणूनच ते काम आदेशावाचून दरवर्षी होत आले. घर सोडून जाण्यासाठी असा शब्द ह्या भागाच्या बोलीत अजून रुजलेला नाही, कारण तसे जाणे व सुखरूप परतणे हा अनुभवच पुरेसा घडलेला नाही. आगोटीच्या कामांमध्येच एक दिवस वाडीतील सर्वांनी निवाऱ्यापर्यंत चालत जाऊन परत येण्याचा ठेवला, तर अनुभव आधी येईल आणि शब्द त्याच्यामागून येईल. निवाऱ्याची वाट कोरड्या दिवसात पायाखालची झाली असेल, तरच पावसाच्या रात्री ती सापडेल.