डोहाची राखण आणि तिचा खर्च : महाराष्ट्रातील मत्स्याश्रयांचा एक ऐतिहासिक विचार

बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे ते मुख्यत्वे लढायांमुळे. १४३७ च्या सुमारास बहमनी सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नासिर खान फारूकीचा पराभव याच परिसरात केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीसाठी झालेल्या संघर्षाचा निकालही येथेच लागला. या लढाया येथे का झाल्या, याचे उत्तर भूगोलात आहे. वऱ्हाडचा बालाघाट जेथे संपतो आणि पूर्णेच्या खोऱ्यातील पयानघाट जेथे सुरू होतो, तेथे घाटाच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. ज्या उताराने सैन्यांना वाट दिली, त्याच उताराने पाणीही खाली येते. पावसाळ्यात या भागातील ओढे व नद्या दुथडी भरून पूर्णेकडे आणि पूर्णेतून तापीकडे धावतात. उन्हाळ्यात त्यांची पात्रे उघडी पडतात, आणि पाणी उरते ते मोजक्या डोहांत.

अशा नद्यांत मासळीचा वंश टिकतो तो डोहांच्या आधारावर. उन्हाळा डोहात काढलेले मासे पहिल्या पुराबरोबर प्रवाहाच्या वरच्या अंगास चढतात व तेथे अंडी घालतात. म्हणजे डोह हे पुढील वर्षाचे बियाणेच होय. परंतु पाणी आटत आलेल्या डोहातून मासे काढणे जितके सोपे, तितके ते वर्षात दुसऱ्या कोणत्याही काळी नसते. यास्तव डोह राखणे याचा अर्थ, हाताशी आलेले अन्न सोडून देणे असा होतो. हा त्याग हाच संरक्षणाचा मूळ खर्च होय. तो कोणी सोसावयाचा, या प्रश्नाच्या उत्तरावरच मत्स्यरक्षणाच्या प्रत्येक व्यवस्थेचे आयुष्य अवलंबून राहिले आहे, असे इतिहासावरून दिसून येते.

मासळीवरील निर्बंधाचा अत्यंत प्राचीन राजकीय पुरावा अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात मिळतो. राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यानंतरच्या या लेखात काही जलचर अवध्य ठरविले असून, चातुर्मासीच्या व तिष्य नक्षत्राच्या पौर्णिमांच्या आसपासचे दिवस आणि उपोसथाचे दिवस सांगून त्या दिवशी मासे मारू नयेत व विकू नयेत, अशी आज्ञा केली आहे. हा कालाचा निर्बंध होय. त्यामागील हेतू धर्माचा आहे, नदीच्या व्यवस्थेचा नव्हे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने रचविलेल्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणी माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य व गळ टाकण्याची रीत यांचे तपशीलवार विवेचन आहे. माशांच्या सवयींचे ज्ञान या भूमीत किती सूक्ष्म होते, याची त्यावरून कल्पना येते; तथापि तेथे मासा हा राजाच्या करमणुकीचा विषय आहे. डोह राखणाऱ्या गावाचा उल्लेख या दोन्ही ठिकाणी येत नाही.

गावाने केलेला निर्बंध स्थलाचा आहे. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात, सावित्रीस मिळणाऱ्या काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. कोकणात नदीतील खोल डोहास ‘कोंड’ म्हणतात. डोहाचे नावच त्याचे स्वरूप सांगते. येथील महसीर मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. त्यांना कोणी धरीत नाही. येणारे भाविक त्यांना खाद्य घालतात. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वराच्या सान्निध्यात अशीच राखण आढळते. कर्नाटकात तुंगेच्या काठी शृंगेरीस हीच प्रथा सुप्रसिद्ध आहे. देवराईतील झाड तोडावयाचे नाही, त्याचप्रमाणे देवाच्या डोहातील मासा धरावयाचा नाही. दोहोंमागील तत्त्व एकच.

या व्यवस्थेचे आर्थिक स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. तिला वेगळा निधी लागला नाही, पगारी रखवालदार लागला नाही. खर्च झाला तो संयमाच्या रूपाने, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या वाटला गेल्यामुळे कोणाच्याच हिशेबात उमटला नाही. तथापि तो सर्वांवर सारखाच पडला असे मानणे चुकीचे ठरेल. शेतकऱ्याने डोह सोडला तर त्याचे एक कालवण गेले. मासेमारीवर पोट असलेल्या भोई-कोळ्यांच्या घराचे काम गेले. श्रद्धेने हा फरक झाकला, मिटविला नाही.

दुसरी मर्यादा क्षेत्राची. देवीची सत्ता डोहापुरती. वरच्या अंगाचे रान आणि खालच्या अंगाचे पात्र तिच्या कक्षेत येत नाही. वाळणकोंडातील मासे सुरक्षित राहिले, पण त्याच सावित्रीच्या खोऱ्यात महाडच्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी हा दीर्घकाळ चिंतेचा विषय होऊन बसला. ज्याला देवीचे भय नाही, त्याच्यापुढे केवळ श्रद्धेची राखण दुबळी ठरते, हे कर्नाटकातील शिशिल येथे १९९६ मध्ये दिसून आले. तेथील देवस्थानाच्या डोहात विष कालविले गेले व महसीर मोठ्या संख्येने मेले.

तिसरा निर्बंध साधनांचा. तो ब्रिटिश अमदानीत आला. फ्रान्सिस डे याने १८७३ मध्ये भारत व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायावर जो अहवाल दिला, त्यात माशांच्या अनिर्बंध संहाराकडे सरकारचे लक्ष वेधले होते. पुढे १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम झाला. सुरुंगाची दारू आणि विष यांचा मासेमारीसाठी वापर हा त्याने गुन्हा ठरविला. त्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेवला. आणि ठराविक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. कायद्याचे क्षेत्र डोहाहून विस्तृत होते, ही त्याची जमेची बाजू. परंतु नदीवर पहारा कोणी ठेवावा आणि बंदीच्या काळात मासेमाराने काय खावे, या प्रश्नांस त्यात उत्तर नव्हते. राखण सरकारची झाली, आणि गाव केवळ संभाव्य गुन्हेगार उरला.

वास्तविक, या नद्यांविषयीचे शास्त्र ज्या ज्ञानावर उभे राहिले, ते गावाचेच होते. कर्नल विल्यम सायक्स याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक जातींना त्याने स्थानिक बोलीतील नावेच दिली. ‘खुद्री’, ‘मुसल्ला’, ‘कोलुस’, ‘नुक्ता’ ही नावे लॅटिन धाटणीच्या शास्त्रीय परिभाषेत शिरली ती या मार्गाने. दख्खनी महसीर आजही ‘टॉर खुद्री’ म्हणून जगभर ओळखला जातो. नाव देणारा भोई मात्र अज्ञात राहिला. समाजाने घातलेल्या भांडवलात त्याग जसा मोजला गेला नाही, तसे ज्ञानही मोजले गेले नाही.

विसाव्या शतकात प्रश्नाचे स्वरूप पालटले. सह्याद्रीच्या माथ्यावर जलविद्युतीसाठी धरणे उभी राहिली. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेला सत्याग्रह जमिनीसाठी होता. नदी अडल्याने प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशाचा मार्गही अडतो, हा विचार त्या काळी पुढे आला नव्हता. पुढे १९७० च्या दशकात टाटा विद्युत कंपन्यांनी लोणावळ्यास वळवण येथे महसीरचे बीजकेंद्र चालविले. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांनी कृत्रिम प्रजननाचे तंत्र तेथे यशस्वी करून दाखविले, आणि दख्खनी महसीरची पिले देशातील अनेक जलाशयांत सोडली गेली. खासगी पैसा मत्स्यरक्षणास लागल्याचे हे एक ठळक उदाहरण होय, आणि त्याचे शास्त्रीय मोल निःसंशय मोठे आहे. परंतु कावेरीत सोडलेला हाच मासा तेथील मूळच्या मदारीच्या महसीरवर मात करून बसला. तो स्थानिक मासा ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे २०१८ मध्ये निश्चित झाले, तेव्हा त्याची जात नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर पोचली होती. पैशाने मासा निर्माण करता येतो. नदी निर्माण करता येत नाही, हा या प्रयोगाचा धडा.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सामन माशाचा इतिहास येथे तुलनेस उपयोगी पडतो. तो मासा समुद्रातून नदीत चढतो, महसीर नदीतल्या नदीत. पण दोघांनाही प्रवाह मोकळा लागतो. तेथील मूलनिवासी जमातींनी १८५४-५५ च्या तहांत आपला मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. तरीही रक्षणाच्या नावाखाली बंदीचा भार दीर्घकाळ त्यांच्यावरच पडला. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी पकडीच्या निम्म्या वाट्यावर त्यांचा हक्क मान्य केला, आणि या जमाती राज्यसरकारच्या बरोबरीने नद्यांच्या व्यवस्थापक बनल्या. २००० मध्ये मध्यवर्ती सरकारने सामनच्या पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र निधी स्थापला. त्यातून राज्यांस व जमातींस रकमा मिळतात. एल्वा नदीवरील दोन जुनी धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली, आणि मासे पुन्हा वरच्या पात्रात पोचले. येथे क्रम महत्त्वाचा आहे : आधी हक्क, मग भागीदारी, मग निधी. हक्काशिवाय आलेला निधी बहुधा कंत्राटदाराच्या कामाचा ठरला असता.

भारतात या दिशेने टाकलेले पाऊल म्हणजे २००२ चा जैविक विविधता अधिनियम. त्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असून स्थानिक जैवविविधता निधीचीही तरतूद आहे. कलम ३७ नुसार राज्यसरकार स्थानिक संस्थांच्या विचाराने वारसास्थळ घोषित करू शकते, आणि अशा घोषणेमुळे ज्यांच्या उपजीविकेस झळ पोचेल त्यांच्या भरपाईची योजना करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. देवाच्या डोहाने जो खर्च अदृश्य ठेवला आणि १८९७ च्या कायद्याने जो विचारातच घेतला नाही, त्यास येथे प्रथमच कायद्याची भाषा मिळाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोली येथे हिरण्यकेशीच्या उगमापाशी मंदिराच्या कुंडात सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशाचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०२१ मध्ये तेथील २.११ हेक्टर क्षेत्र वारसास्थळ म्हणून घोषित झाले. श्रद्धेने राखलेल्या पाण्यास कायद्याची जोड मिळाल्याचे हे महाराष्ट्रातील बोलके उदाहरण होय.

परंतु आंबोलीचे कुंड लहान, बारमाही आणि पूर्वीपासून पूज्य आहे. खरी कसोटी आहे ती रोहिणखेडसारख्या गावांच्या परिसरात, जेथे नदी आठ महिने क्षीण असते आणि डोहाच्या पाण्यावर पिकाचा, गुरांचा व मासळीचा एकाच वेळी हक्क असतो. तेथे उन्हाळ्याचे शेवटचे पाणी मासळीसाठी राखावयाचे, तर कोणाची तरी मोट थांबते, कोणाचे तरी जाळे कोरडे राहते. ज्याचे थांबते त्याला निर्णयात स्थान आणि निधीत वाटा मिळाला, तर डोह राखला जाईल. तो मिळाला नाही, तर कायदा पुस्तकात राहील आणि पहिल्या पुराबरोबर वर चढावयास डोहात मासा उरणार नाही.